ड्रॉ म्हणजे काय

ओल्या काथ्याचा वास आला की मला जानेफळच्या शाळेतला एक तास आठवतो. इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर ‘शी ड्रॉज वॉटर’ असं लिहून मला अर्थ विचारला होता. ड्रॉइंगच्या वहीमुळे ‘ड्रॉ’ची माझी तेवढीच ओळख, म्हणून मी म्हटलं, “ती पाण्याचं चित्र काढते.” सगळा वर्ग हसला आणि माझे कान तापले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला शाळेमागच्या विहिरीवर नेलं आणि बादलीचा ओला काथ्याचा दोर माझ्या हातात दिला. तळहात चुरचुरले, पण बादली वर आली. “आता काय केलं तू?” बाईंनी विचारलं. “पाणी काढलं.” “हेच ड्रॉ.” मला राहवेना. “पण बाई, आपण चित्रबी काढतो अन् पाणीबी काढतो. मंग इंग्रजीतबी तसंच काऊन?” बाई म्हणाल्या, “इतकी वर्षं शिकवून राह्यली मी, पण हे माह्या ध्यानातच नाही आलं. चाल, सगळ्याइले सांग.” आता मीही इंग्रजी शिकवते. एखाद्या उत्तराला वर्ग हसला, की ते उत्तर मी आधी फळ्यावर लिहिते आणि नीट वाचून बघते.