सव्वा मूठ नानांची

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात कचेरीत होतो. गावातून धाकटा भाऊ प्रकाश बोलत होता. "भाऊ, नाना ग्यात... झोपमाच ग्यात. तरास नही झाया." यावर मी काय विचारावं? "गोळी वेळेवर दिली होती ना?" प्रकाश म्हणाला, "हां, दिधी व्हती. तू ये." अमळनेरच्या एस.टी.त बसल्यावर मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. बापाच्या मरणाची बातमी ऐकून मुलगा गोळीची चौकशी करतो, कारण गेले कित्येक महिने एकच प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसलेला असतो : आपण वडिलांचा इलाज थांबवला की काय?

आमचे वडील म्हणजे अमळनेर तालुक्यातले कापूस पिकवणारे शेतकरी. गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. भजन संपलं की घरी येऊन हातपाय धुवायचे आणि ताटावर बसण्याआधी मोठ्यानं विचारायचे, "बठ्ठा उनात का?" सगळे आलेत का, एवढाच अर्थ. घरातलं एक माणूस जरी बाहेर असलं तरी त्यांचा हात ताटाला लागत नसे. आई चिडायची, "भाकर थंडी व्हयनी, आते तरी जेवा!" पण ते थांबायचेच.

हिवाळ्यात त्यांना जठराचा कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं. उन्हाळ्यात पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा तो यकृतात पोचला होता. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आणखी औषधं देता येतील, पण त्यानं आजार बरा होणार नाही आणि माणूस फार थकेल. मी तरीही "द्या" म्हणालो. शिकलेला, नोकरीवाला थोरला मुलगा मी, माझ्या तोंडून दुसरं काय निघणार होतं? नानांनी मात्र डॉक्टरांना सरळ विचारलं, "माले घर जावाले भेटी का?" डॉक्टर म्हणाले, "हो बाबा, आणि दुखू नये याची सोय करून देतो." नाना खूश झाले. जणू एवढंच ऐकायला ते मुंबईपर्यंत आले होते.

घरी आल्यावर माझं आणि प्रकाशचं भांडण झालं. मी म्हणालो, दुसऱ्या हॉस्पिटलात दाखवू. तो म्हणाला, "तुले धुळाथाईन मुंबई जवळच दिखस. रातदिन त्यास्नाजोडे कोन बसस?" रात्रंदिवस नानांजवळ तोच बसत होता, म्हणूनच मला लागलं. आईची काळजी वेगळी होती. मॉर्फिनच्या गोळ्यांनी नाना गुंगीत राहतील, त्यांच्या तोंडी देवाचं नाव येणार नाही, असं तिला वाटायचं. या गोळ्या देणाऱ्या जळगावच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं, "अक्का, दुखत असलं की माणसाच्या तोंडात फक्त दुखणंच असतं. दुखणं हटू द्या, मग देवाला जागा होईल." आणि तसंच झालं. दोन-चार दिवस ते झोपाळले, मग सावरले. संध्याकाळी भजनी मंडळ आमच्या ओट्यावर बसू लागलं आणि नाना खाटेच्या कडेवर बोटांनी ताल धरू लागले.

माझं मन मात्र ताळ्यावर नव्हतं. मी मनातल्या मनात नवस बोललो होतो : नाना बरे झाले तर घरी कानबाई बसवीन. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ही देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात, ते दळून रोट करतात आणि ते रोट घरच्याच माणसांनी संपवायचे असतात. न राहवून मी एके दिवशी नानांना नवसाचं सांगितलं. ते हसले. "माताले अट घालस का रे? तिले घर बलाव. मंग तिले जे करनं ते करू दे." म्हणजे नवस फळण्याआधीच फेडायचा! आईनं त्याच दिवशी घर सारवायला काढलं.

गहू मोजायच्या सकाळी टोपलं माझ्यापुढे आलं. थोरला म्हणून मान माझा होता. आजवर कानबाई भाऊबंदांकडे बसे, तेव्हा आमच्या घरचे गहू नाना मोजत, आणि सुरुवात स्वतःच्या नावापासून करत. मी मूठ भरली आणि माझं नाव घेतलं. मग पाव मूठ. मग प्रकाशचं. मग मुलांची. आईनं पदर तोंडाला लावला. काय झालं ते मला कळलंच नाही... आणि खाटेवरून आवाज आला, "भाऊ, मी आजून घरमाच शे!"

सगळे हसले, नानाच सगळ्यांत जास्त. मी मात्र जमिनीकडे बघत राहिलो. मुंबईसाठी भांडणारा मी, आणि माझ्याच हातानं त्यांना घराबाहेर काढलं होतं. ज्यांना मी हार मानलेली माणसं समजत होतो, ती आई, तो प्रकाश, त्यांनी नानांना एक दिवसही असं वगळलं नव्हतं.

"टोपलं इकडे लयी ये," नाना म्हणाले. प्रकाशनं त्यांना पाठीला हात देऊन बसवलं. त्यांनी स्वतःच मूठ भरली. हाडांची झालेली ती मूठ. दाणे बोटांतून गळत होते आणि आई खाली ओंजळ धरून होती. मूठ टोपल्यात सोडून ते मला म्हणाले, "मूठ मनी. पाव तू टाक." त्यांच्या मुठीवर माझी पाव मूठ मी टाकली. मनातलं ओझं त्याच क्षणी हललं, हे मी शपथेवर सांगेन.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी बायका तिला वाजतगाजत नदीवर घेऊन गेल्या. नानांनी रोटाचा नखाएवढा तुकडा खिरीत भिजवून खाल्ला. त्यानंतर नवरात्रापर्यंत ते आमच्यात राहिले. कधी बोलत, कधी झोपत, दुखलं की सांगत. मी दर शनिवारी येत असे आणि मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही.

दिवाळी झाली तेव्हा धुळ्याला परतण्याआधी मी आईला दळणाचे गहू काढून देत होतो. कोठीतून मूठ भरून घेतली आणि नकळत वर पाव टाकली. आई बघत होती. "कोना नावना?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नानांच्या." ते गहू तिनं बाकीच्यांत मिसळले आणि दळायला पाठवले. रात्री त्याच पिठाच्या पोळ्या झाल्या. ताटं वाढली गेली, कोणीच हात लावेना. शेवटी आईनंच दाराकडे बघून विचारलं, "बठ्ठा उनात का?"

"उनात," प्रकाश म्हणाला. मग आम्ही जेवलो.