बाप म्हणवून घेताना

रोह्याच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर मी जमिनीच्या दाव्याची तारीख म्हणून बसले होते. शेजारी पेणचा एक तरुण होता, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा. बोलताना तो माझ्याकडे न बघता स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

त्याला लग्नाशिवाय मुलगी झाली होती. तिच्या आईने मुलीच्या खर्चासाठी दावा लावला, तेव्हा तो कोर्टात म्हणाला होता, "पोर माझी नाय." डीएनए तपासणीत मुलगी त्याचीच निघाली.

"खर्च देईन मी," तो म्हणाला. "पण पोर आईकडंच ऱ्हाणार. भेटायचं तर तिला विचार, नायतर अर्ज कर, असं वकील बोलले. कुठल्या तोंडानं विचारू, ताई?"

तेवढ्यात मुलीची आईच आली. कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. त्याला बघून ती थांबली, घुटमळली, मग मुलीला खाली उतरवून म्हणाली, "जा गो त्यांच्याकडं." आणि त्याला म्हणाली, "सांग तिला, तू कोण हायस ते."

तो मुलीसमोर उकिडवा बसला. बाकांवरची माणसं बोलायची थांबली. त्याचे कान लाल झाले.

"काका हाय मी," तो म्हणाला.

बाईने मुलीला उचललं आणि ती निघून गेली.

"सगळी बघत होती, ताई," तो खाली बसूनच पुटपुटला.

कोर्टाने त्याला बाप ठरवलं होतं. पण चारचौघांत तसं म्हणणं त्याच्याच हाती होतं. मला त्याच्याकडे बघवेना. माझा पुकारा झाला नव्हता, तरी मी उठून आत गेले.