अंगारा उजव्या डोळ्यात गेला

मी काही देवभोळा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात देव बायकोच्या वाट्याला आणि डोंगर माझ्या. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. मशीनवरून उतरलेला पार्ट भिंगाखाली धरायचा, डाग, चरा, खड्डा शोधायचा आणि सापडला की लाल टॅग लावून बाजूला टाकायचा, हे माझं काम. गुरुवारी आम्हाला सुट्टी. त्या दिवशी बायको काळेवाडीतल्या दत्ताच्या देवळात आणि मी कॅमेरा गळ्यात अडकवून बाईकवर. "गुरुवारी तरी देवाला तोंड दाखवा," ती म्हणायची. "आलो की दाखवतो," मी म्हणायचो. असे किती गुरुवार गेले, देव जाणे.

कॅमेऱ्याने मला माणसात आणलं, हे मात्र खरं. परभणीकडून इथं आलो तेव्हा मी अगदी घुम्या होतो. कुणाशी नजर भिडवायची म्हटलं तरी घाम फुटायचा. पुढे "काका, एक फोटो काढू का?" एवढं विचारता विचारता बोलायला शिकलो. धनगराच्या वाडीवर भाकरी खाल्ली, मावळातल्या पोरांना लेन्समधून चंद्र दाखवला, पहाटे उठायची सवय लागली. पण एक खोड जडली ती जडलीच. एका जागी जीव लागेना. राजमाचीवर उभा असलो की डोक्यात हरिश्चंद्रगड, आणि तिथं पोचलो की आणखी तिसरंच काहीतरी. फोटो निघाला की त्या जागेवरून माझं मन उडायचं. बायको म्हणायची, "पायाला भिंगरी होतीच, आता डोळ्यालाही लागली." मी हसण्यावारी न्यायचो, पण ते झोंबायचं.

त्या वर्षी लडाखचं ठरलं होतं. कंपनीतले आम्ही चौघे, चार बाईक. कितीदा अर्ज करून एकदाची रजा मिळाली होती. शनिवारी पहाटे निघायचं होतं, आणि आदल्या दोन आठवड्यांपासून मला धड जेवण जात नव्हतं. रस्ते, घाट, तळी, सगळं डोळ्यांपुढे नाचायचं. त्यातच एक नवी कटकट सुरू झाली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बारीक काळे ठिपके दिसायला लागले. स्क्रीन पुसला. लेन्स पुसली. चष्मा पुसला. कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे दिला, तर तो म्हणाला, "भाऊ, आत काही नाही, एकदम चकाचक आहे." मला वाटलं, याला काही कळत नाही. कधी कधी डाव्या कडेला चमकल्यासारखं व्हायचं, कुणी बाजूने फ्लॅश मारावा तसं. कंपनीच्या शेडमध्ये ग्राइंडिंगच्या ठिणग्या उडतच असतात, म्हणून तिकडेही काणाडोळा केला.

आता गंमत बघा. लाइनवर नवीन मुलं आली की मी त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी एक गोष्ट घोकून घेतो. प्रत्येक पार्टवर एकाच जागी दोष दिसला, तर पार्टला लाल टॅग लावू नका. आधी गेज तपासा. गेज म्हणजे ज्याने आपण मोजतो ते माप. तेच चुकलं असेल तर चांगला मालही खराब दिसतो. हे शिकवणारा मी, आणि मी चष्म्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्याला टॅग लावून मोकळा झालो. ज्याने बघत होतो, ते तपासायचं एकदाही सुचलं नाही.

निघायच्या आधीचा गुरुवार. दुरुस्तीवरून आलेला कॅमेरा एकदा तपासून घ्यावा म्हणून मी भामचंद्रच्या डोंगरावर गेलो. चाकणपासून जवळ, वर गुहेत महादेव. खाली बघितलं की कंपन्यांचे पत्रे दूरवर चमकत असतात. मला महादेवाशी कर्तव्य नव्हतं, पत्र्यांवरचं ऊन टिपायचं होतं. पायऱ्यांवर एक म्हातारी बाई बसली होती, खालच्या गावातली. बारीक अंगाची, हिरवं लुगडं, हातात अंगाऱ्याची पुडी.

"फोटू काढतूस व्हय, लेकरा?" ती म्हणाली. "माझा एक काढ की. भितीवर लावायला."

"भिंतीवर?"

"मी गेल्यावर रं. आमच्या शेजारणीचा बघ, पोरांनी आधार कारडावरचाच मोठा करून लावला. जल्मभर देखणी हुती बाई, आन् भितीवर बघावं तर चोरट्यावानी दिसती."

मला हसू आलं, पण घाईही होती. पिशव्या भरायच्या होत्या, बाईकचं ऑईल बदलायचं होतं. म्हटलं, एक क्लिक करू आणि सुटू. ते ठिपके पुन्हा आले म्हणून मी चष्मा काढून सदऱ्याला पुसत होतो, तेवढ्यात आजी उठलीच. "आदी अंगारा लाव. त्येच्या दारात आलास, तसाच जाऊ नगंस." मी म्हटलं, "राहू द्या हो आजी, परवा लडाखला जायचंय, घाई आहे." "कुठं बी जा, पर टिळा लावून जा," असं म्हणत तिने बोट कपाळाला टेकवलं. मी वैतागून मान झटकली आणि चिमूटभर अंगारा सरळ माझ्या उजव्या डोळ्यात गेला.

काय झोंबला म्हणून सांगू! डोळा उघडेना, पाण्याची धार लागली. मनातल्या मनात मी त्या बाईला नाही नाही ते बोललो, ते आज लिहायला लाज वाटते. पण ती तशीच समोर, आता जरा ओशाळलेली. हिचा फोटो काढावा आणि निघावं, म्हणून मी कॅमेरा उचलला. इतकी वर्षं मी उजवा डोळा लावूनच फोटो काढत आलो, डावा मिटलेला. त्या दिवशी नाइलाजाने पहिल्यांदा डावा लावला.

आजीचं तोंड दिसलं, पण गळ्याखाली सगळं काळं. मला वाटलं, पट्टा लेन्सपुढे आला. चाचपला, पट्टा बाजूलाच होता. झाकण हातात होतं. पुन्हा डोळा लावला, पुन्हा तसंच, खालून पडदा ओढल्यासारखं. तरी बटण दाबलं. उजवा डोळा कसाबसा किलकिला करून स्क्रीन पाहिला, तर फोटोत आजी पुरी होती. लुगडं, पायऱ्या, पावलं, सगळं. कॅमेऱ्याला जे दिसत होतं, ते मला दिसत नव्हतं.

"काय झालं रं?" आजीने विचारलं. मी सांगितलं, तसा तिचा चेहराच बदलला. "माझ्या धन्याला असाच पडदा आला हुता. म्होतीबिंदू आसंल, सुगी झाल्यावर दावू म्हनलो. डोळा गेला. तू उठ. आत्ताच्या आत्ता डागदर गाठ." तिने स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने माझा उजवा डोळा धुवायला लावला आणि मी गाडीला लागेपर्यंत वरून ओरडत राहिली, "घरी जाऊ नगंस रं! सरळ दवाखाना!"

चिंचवडला डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध घालून डॉक्टरबाईंनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "डाव्या डोळ्याच्या मागचा पडदा, रेटिना, सुटलाय. मधला भाग अजून जागेवर आहे, म्हणून तुम्ही नशीबवान. उद्या सकाळी ऑपरेशन." मी वेड्यासारखा म्हणालो, "लडाखला जायचं होतं, मॅडम." त्या म्हणाल्या, "दोन-तीन दिवसांनी आला असता, तर हा डोळा मी काही वाचवू शकले नसते." मी घाबरलो. साफ घाबरलो. ज्याचं पोट डोळ्यांवर आणि ज्याचा जीवही डोळ्यांत, त्याने काय करावं? बाहेरच्या बाकावर बसून मी बायकोला फोन लावला आणि मला रडूच आलं.

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला, तो पडद्याला आतून दाबून धरणार, म्हणून दहा दिवस पालथं पडून राहायचं. पालथं! मी! शनिवारी मित्र निघाले. उशाशी फोन टिंगटिंग वाजायचा, त्यांचे फोटो यायचे आणि मी तोंड खाली घालून फरशी बघत पडलेला. दोन दिवस मी नुसता धुमसलो. बायकोवर खेकसलो, उशी फेकली. ती म्हणाली, "इतकी वर्षं वाकला नाहीत, आता घातला की नाही साष्टांग?" मग ती माझ्याशी बोलायला जमिनीवर उताणी झोपायची, कॉटच्या कडेखाली, म्हणजे आमची तोंडं समोरासमोर यायची. किती वर्षांनी मी तिचं तोंड इतका वेळ बघत होतो! तिच्या भुवईजवळ एक तीळ आहे. मला माहीत नव्हता. पाचव्या की सहाव्या दिवशी माझ्यातलं काहीतरी दमलं. मी पहिल्यांदा देवाला मनापासून म्हणालो, बाबा रे, माझ्याच्याने काही होत नाही, आता तूच बघ. त्या दुपारी मला गाढ झोप लागली.

डोळा वाचला. सरळ रेघ जराशी वाकडी दिसते, पण दिसते. महिन्या-दोन महिन्यांनी आजीला फोटो द्यायचा म्हणून मी तो कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला आणि बघतच राहिलो. आजी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या पाणावलेल्या डोळ्याकडे बघत होती, आणि तिचा उजवा हात पदराचं टोक धरून माझ्याकडे आलेला होता, डोळा पुसायला. मी बटण दाबलं तेव्हा तो हात नेमका त्या काळ्या भागात होता.

गुरुवारी बायकोला घेऊन डोंगरावर गेलो. आजी तिथंच, पायरीवर. फोटो हातात घेऊन तिने लांब धरला, जवळ धरला. "ह्यो भितीला चालायचा न्हाई. हात मदीच आलाय. ह्यो तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे, मला दुसरा काढ. आन् हार घालू नगंस, अजून हाय मी!" बायको खो खो हसली.

मी म्हणालो, "आजी, हा हात मला तेव्हा दिसलाच नव्हता."

"दिसला न्हाई, म्हंजी नव्हता व्हय?" ती म्हणाली.

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. अंगारा डोळ्यात गेला आणि डोळा झोंबला, एवढंच मला ठाऊक आहे. पण माझ्या आयुष्याच्या काळ्या भागात आणखी किती हात असे पुढे आले असतील आणि मी मान झटकली असेल, या विचाराने मी गुहेपुढे वाकलो, कुणी न सांगता. आजीचा दुसरा फोटो काढला, चांगला आला. लडाख अजून डोक्यातून गेलेलं नाही, खोटं कशाला बोलू?

आजीने पुडी सोडली. या वेळी मी मान हलवली नाही. टिळा लावून ती म्हणाली, "जा आता, घाई आसंल तुला."

"नाही आजी," मी म्हणालो आणि कॅमेरा पिशवीत ठेवला. "बसतो थोडा."