बाभळीची बाजू

मोटारींचा कायदा आला तेव्हा आमच्या तालुक्यात मोटारी दोनच होत्या. एक तालुकदार साहेबांची, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरची, ती बहुतेक दुरुस्तीलाच पडलेली असायची. दुसरी सर्व्हिसची. ती सकाळी चौसाळ्याहून माणसं भरून बीडला जायची आणि दुपारी परत यायची. दोन मोटारींसाठी हैदराबादेहून केवढं जाड बाड छापून आलं होतं, आणि तेही उर्दूत. मी तेव्हा बीडच्या तहसील कचेरीत नवा कारकून होतो, अजून कायम झालो नव्हतो. माझं उर्दू चांगलं म्हणून तहसीलदार साहेबांनी ते बाड माझ्यापुढं टाकलं आणि सांगितलं, सडकेवरच्या गावांना याचा मतलब समजावून ये.

कलमं तशी सरळ होती. मोटारवाल्यानं परवाना जवळ बाळगावा, वस्तीतून हळू जावं, वळणावर भोंगा वाजवावा. गाडीवानानं चालत्या गाडीत झोपू नये, अंधार पडल्यावर गाडीखाली कंदील टांगावा, भाड्याच्या गाडीवर सरकारी पत्र्याचा बिल्ला ठोकावा. आणि मोटार असो की बैलगाडी, सगळ्यांनी आपल्या डाव्या हातानं चालावं. गाडीवानानं झोपू नये हे वाचून मला हसूच आलं. आमच्याकडचा गाडीवान बीडची वेस ओलांडली की कापसाच्या बोज्यावर आडवा व्हायचा तो एकदम घरच्या दारात उठायचा. बैलांना रस्ता पाठ असायचा.

माझा स्वभाव आधीपासून तापट. बायको म्हणायची, "तुमाला राग आला की समजावं, यांच्या पोटात काय न्हाई." खोटं नव्हतं ते. चौसाळ्याला मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि सकाळपासून पोटात एक कप चहा होता. हलगीवाल्यानं हलगी वाजवली, माणसं जमली, मी वेशीजवळच्या ओट्यावर चढलो. बाकीची कलमं नीट समजावली. डाव्या हाताच्या कलमाशी आलो आणि लक्षात आलं की ही माणसं माझ्याकडं तोंड करून बसलीत, माझा डावा तो यांचा उजवा, नक्कीच घोळ होणार. म्हणून मी शहाणपणा केला. तिथून बीडकडं जाणाऱ्या सडकेला एका अंगानं बाभळी होत्या. बीडला निघालं की त्या डाव्या हाताला यायच्या. मी काठी त्या बाभळींकडं केली आणि म्हणालो, "ती बाभळीची बाजू गाड्यांची. तिकडून चालायचं."

पुढंच एक गाडीवान उकिडवा बसला होता. चाळिशीचा असेल, लोकांचा कापूस भाड्यानं बीडला पोचवायचा. तो म्हणाला, "जातानी बाभळीची, समजलं मालक. पर येतानी कंची?"

त्या दिवशी अख्ख्या चौसाळ्यात शहाणा प्रश्न तेवढा एकच झाला. आणि मी त्याच्यावर खेकसलो. "एकदा सांगितलेलं कळत नाही काय? जाताना बाभळीची, येताना बाभळीची. सरकारचा हुकूम काय सकाळ-संध्याकाळ बदलतो?"

माणसं खो खो हसली. तोही थोडा हसला, म्हणाला, "बरं मालक," आणि खाली बघून जमिनीवर रेघोट्या मारत बसला. मी पाटलाकडं जेवायला गेलो. भाकरी आणि ठेचा होता, चांगलाच चापला.

त्या हिवाळ्यात चौसाळ्याच्या गाडीवानांचं लई नाव झालं. मी एकदा सकाळी टांग्यातून तिकडं चाललो होतो. बीडकडं येणाऱ्या गाड्या बाभळीच्या कडेनं एकामागं एक अशा शिस्तीत येत होत्या की माझी छाती फुगली. कचेरीत येऊन मी ते दोनदा सांगितलं. तहसीलदार साहेब म्हणाले, "शाबास." माणूस भला होता, हैदराबादचा, मराठी त्याला अर्धीमुर्धी कळायची. मला कायम करण्याचा कागद त्याच्याच टेबलावर होता.

गाड्या परतताना कशा येतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवस मावळता परतायच्या आणि मी त्या वेळी घरी असायचो. मोटारीचीही कधी अडचण झाली नाही. सकाळी ती गाड्यांबरोबर बीडकडंच जायची, भोंगा वाजवून पुढं निघायची. दुपारी चौसाळ्याला परत यायची ती पलीकडच्या अंगानं, आणि तेव्हा गाड्या बीडात कापूस उतरवत असायच्या. चूक होती, पण ती उघडी पडायला जागाच नव्हती.

मग सर्व्हिसवाल्यानं संध्याकाळची एक फेरी वाढवली, चौसाळ्याहून बीडला.

मांजरसुंब्याच्या अलीकडं एक वळण आहे. मोटार आपल्या डाव्या हातानं, म्हणजे बाभळीच्या बाजूनं, बीडकडं चालली होती. समोरून तोच गाडीवान रिकामी गाडी घेऊन घरी येत होता, तोही बाभळीच्या बाजूनं. जागा होता, गाडीखाली कंदील लावलेला होता. मोटारवाल्यानं चाक फिरवलं आणि मोटार कडेच्या चरात गेली. गाडीचं जू मोडलं, बैल उधळले, पण वाचले. मोटारीतल्या एका म्हातारीचा हात मनगटात मोडला.

मोटारवाला खाली उतरला तो तसाच गाडीवानाच्या अंगावर गेला. "कावून बे, आंधळा हाय का? उलट्या अंगानं येतू?"

"उलट्या कावून? ही आमची बाजू हाय. सरकारनंच दिलीया," गाडीवान म्हणाला.

हे सगळं पंचनाम्यात लिहून आलं होतं. पंचनामा माझ्याच टेबलावर आला. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला गाडीवानाचाच राग आला. मग मी पेन्सिलीनं कागदावर सडक काढली, एका बाजूला बाभळी काढल्या, एक गाडी जाताना काढली आणि एक येताना. येणाऱ्या गाडीचा डावा हात बाभळीकडं नव्हताच. "पर येतानी कंची?" हे त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवले, आणि माझं उत्तरही.

कायद्याप्रमाणं उलट्या बाजूनं चालून कुणाला इजा झाली तर भाड्याच्या गाडीचा बिल्ला हंगामापुरता जप्त व्हायचा. बिल्ला नाही म्हणजे भाडं नाही. कापसाचा हंगाम नुकता कुठं भरात आला होता आणि तो माणूस वर्षभर त्या हंगामावरच जगायचा. त्याला सोडवायचं तर कुणीतरी तहसीलदारांसमोर सांगायला हवं होतं की याला असंच चालायला सांगितलं होतं. आणि ते सांगणारा मीच होतो.

जेवताना बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"मग उद्या सांगून टाका की."

"सांगून टाका म्हणायला काय जातं? माझी नोकरी कायम नाही अजून."

"त्याची तरी कुटं कायम हाय?" ती म्हणाली. मी ताट सरकवून उठलो. तिनं ताट उचलून झाकून ठेवलं. मी रात्रभर ठरवत राहिलो की सांगायचं. सकाळी टोपी घालताना माझं पक्कं ठरलं होतं.

इजलासात, म्हणजे साहेबांच्या कोर्टात, मी तहसीलदारांच्या डाव्या हाताला, खाली बैठकीवर बसायचो. गाडीवान मराठीत बोलणार, मी ते उर्दूत लिहिणार, अशी पद्धत होती. मोटारवाल्याचा जबाब झाला. मग गाडीवान पुढं आला, जोडे बाहेर काढून, पटका नीट बांधून. त्यानं सगळं खरं सांगितलं. हो, बाभळीच्या बाजूनं येत होतो. हो, रोज तिकडूनच येतो. सगळं गाव तिकडूनच येतं. सांगितलं तसं चालतो.

"किसने बताया?" साहेबांनी विचारलं. मी ते मराठीत त्याला विचारलं. माझाच आवाज होता तो. "तुला असं कुणी सांगितलं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, साधंच पाहिलं. आणि गप्प उभा राहिला. माझी लेखणी कागदावर टेकलेली होती, टोकाशी शाईचा ठिपका पडून पसरत चालला होता. मला वाटलं आता हा बोट करणार. त्यानं केलं नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. तो तसाच माझ्याकडं बघत गप्प.

"लिखो, जवाब नहीं दिया," साहेब म्हणाले.

मी लिहिलं.

बिल्ला जप्त झाला. शिपायानं तो गाडीवरून उखडून आणला आणि माझ्याच टेबलाच्या खणात ठेवायला दिला. त्या दिवशी मी घरी गेलो तो हलका होऊन गेलो, हे लाज सोडून सांगतो. मला वाटलं, केवढा दिलदार माणूस. माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं. बायकोलाही मी असंच सांगितलं. ती "हं" एवढंच म्हणाली. महिनाभरात मी कायम झालो.

पण चौसाळ्याचे बाकीचे गाडीवान अजून बाभळीच्याच बाजूनं परतत होते. पुन्हा कुणी मोटारीखाली आलं असतं. मी साहेबांना म्हणालो, लोकांना कलम नीट उमगलेलं दिसत नाही, मी पुन्हा जाऊन येतो. गेलो. या खेपेला जेवून गेलो. हलगी वाजली, माणसं जमली, तो गाडीवानही आला आणि आधीच्याच जागी बसला. त्याच्या देखत मी सांगितलं, "हुकूम सुधारून आला आहे. आता जाताना बाभळीची बाजू, आणि येताना दुसरी."

हुकूम काही सुधारून आला नव्हता. पहिल्यापासून तोच होता. पण तोंडातून ते निघून गेलं आणि मग मागं घेता येईना.

माणसांत कुजबुज सुरू झाली. आमच्या गावाला बाभळी हायत, मांजरसुंब्याच्या पुढं न्हाईत, मग तिथं कसं? वडवणीच्या सडकेला कसं? मी समजावू लागलो आणि घोळ वाढतच गेला. तेव्हा तो गाडीवान बसल्या जागेवरून म्हणाला, "आरं, डावा बैल चराकडं ठिवा. जातानी बी अन् येतानी बी. झालं."

सगळ्यांना एका क्षणात समजलं. जोडीतला डावा बैल जन्मभर डावीकडंच जुंपतात, त्याची जागा कधी बदलत नाही, हे तिथल्या लेकराला ठाऊक होतं. हैदराबादेच्या बाडाला ठाऊक नव्हतं आणि मला तर कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. माणसं उठून गेली. तोही गेला. त्या हंगामात तो आणि त्याची बायको दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जात होते. बैल त्यानं एका बागवानाला मोटेवर दिले होते. हे मला हलगीवाल्यानं सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

हंगाम सरला. उन्हाळ्याच्या तोंडाला तो बिल्ला न्यायला कचेरीत आला. शिपायाकडून देता आला असता, पण मी स्वतः खणातून काढला, धुळीचा होता म्हणून पुसला आणि बाहेर लिंबाखाली जाऊन त्याच्या हातात दिला. जवळपास कुणी नव्हतं. कितीतरी दिवस मनात होतं ते मी बोललो.

"तुम्ही त्या दिवशी माझं नाव घेतलं नाही. लई उपकार झाले. मी विसरणार नाही."

त्यानं बिल्ला उलटा-सुलटा करून पाहिला. माझं बोलणं त्याला लवकर उमगलंच नाही असं दिसलं. मग म्हणाला,

"उपकार कशाचे मालक? नाव घ्यायाचं काय काम हुतं? तुमी तर म्होरंच बसलेले. लेखणी बी तुमच्याच हातात हुती." त्यानं बिल्ला मुठीत धरला. "म्या तुमच्याकडं बघत हुतो. म्हणलं, आता सांगतील, मग सांगतील. सायबानं दोनदा इचारलं, तरीबी म्या थांबलो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला चढ्या आवाजात उत्तर देता आलं असतं, ते मला चांगलं जमायचं. त्यानं बिल्ला पटक्याच्या टोकाला बांधला, रामराम केला आणि गेला. मी लिंबाखाली उभा राहिलो. आत शिपाई माझ्या नावानं हाका मारत होता, साहेबांना कुठल्यातरी कागदावर माझी सही हवी होती.