मायनस बासष्ट

भूत-बित, आत्मा-बित... माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. असलं कुणी बोललं की बाबा हसून उडवायचे.

मी भंडाऱ्यात घरूनच ऑडिओ प्लगइन बनवते, म्हणजे कॉम्प्युटरमधली वाद्यं. त्यातले पिचचे, म्हणजे सुराच्या उंचीचे, स्क्रीनवरचे नॉब माझ्याकडे. मोठा नॉब सूर बदलतो, छोटा तो किंचित चढवतो-उतरवतो; शेजारच्या सुरापर्यंत शंभर पायऱ्या. छोट्यावर डबल-क्लिक केलं की तो शून्यावर यायला हवा.

बाबा भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवायचे, आई गायची. तिची पट्टी उंच, काळी चार, आणि त्याचा तिला कोण अभिमान! बाबा गेले, पेटी साकोलीच्या विहाराला दिली. नंतर आई एकदाच दुसऱ्या पेटीवर गायली अन् भर कार्यक्रमात वरच्या सुराला आवाज फाटला. "गळा गेला वं माहा," म्हणाली. मग वर्षभर एक ओळ नाही. बाबांच्या पुण्यस्मरणालाही ती गाणार नाही, हे मला सहनच होईना.

एका दुपारी हट्टानं तिला बसवलं, प्लगइनवर काळी चार लावली.

"कायले छळून राहिली मले?"

गायली. पुन्हा फाटलं. उठून स्वयंपाकघरात गेली. मी वैतागून छोट्या नॉबवर डबल-क्लिक केलं... तर तो मायनस बासष्टवर! परत केलं — बासष्ट. कोड उघडला. डिफॉल्ट शून्यच लिहिलेलं.

सूर मात्र चालूच होता, उतरलेला. आणि आतून आई गायला लागली! वरचा सूरही लागला. तांदूळ धुतलेल्या ओल्या हातांनीच बाहेर आली.

"हे तं तुह्या बाबाची पेटी होय!"

मी रडले. खोटं कशाला बोलू?

रविवारी साकोली गाठली, पेटीला सूर मोजणारा ट्यूनर लावला. काळी चार — मायनस बासष्ट. सगळेच सूर तेवढे उतरलेले. पेटी उघडली तर आतल्या, सूर देणाऱ्या पितळी पट्ट्यांवर कानशीच्या खुणा.

मंडळातले जुने काका म्हणाले, "तुह्या आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं ना, वरचा सूर लागेना तिचा, तवाच घासले तुह्या बाबानं सारे सूर. 'तिले नोको सांगू' म्हणे."

पुण्यस्मरणाला तीच पेटी आणली. काकांनी वाजवली, आई गायली.

नॉब आता मुकाट शून्यावर येतो. कोडमधलं एक अक्षरही मी बदललेलं नाही. त्या दुपारी काय झालं? देवाशपथ... नाही, बाबांशपथ, मला माहीत नाही.

"या वयात काळी चार?" लोक आईला विचारतात.

"मंग! पयल्यापासून," ती मान ताठ करून सांगते.

मी गप्प बसते.