पाण्याखालचे हललेले फोटो

आमच्या गावात विहिरीचा तळ गाठणारी मुलगी मी एकटीच होते. हे मी आजवर हजार वेळा सांगितलं असेल, आणि समोरच्याने विचारलं नसलं तरी सांगितलं आहे. शिरपूर तालुक्यातलं सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं गाव. नदी उन्हाळ्यात नुसती वाळू, त्यामुळे पोहायचं तर विहिरीतच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कमरेला दोर बांधून मला पाण्यात सोडलं आणि महिनाभरात तो दोर सोडवलाही. बुडी मारून तळाचा चिखल मुठीत घेऊन वर यायचं, तरच ती बुडी खरी धरायचे. मूठ रिकामी असली की मुलं लगेच म्हणत, ही मधूनच परत फिरली. आबा काठावर उभे राहून मोठ्याने आकडे मोजत. मी वर आले की ओरडत, "मनी पोरना दम देखा!" आणि माझी मान आठवडाभर ताठ राही.

ती ताठ मान घेऊनच मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अंदमानला गेले.

मी धुळ्याला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. बारीक जिवांचे फोटो काढण्याचा मला नाद आहे. मुंगीचा पाय, फुलकिड्याचे पंख, असलं काहीतरी पडदाभर मोठं करून वर्गात दाखवते आणि पोरांनी "ओऽऽ" केलं की खूश होते. अशाच नादिष्ट लोकांची एक सहल दिवाळीच्या सुट्टीत निघाली होती. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या बोटभराहून लहान जिवांचे फोटो काढायचे, एवढाच तिचा उद्देश. आम्ही सहा जण होतो. कॅमेऱ्याला पाणी लागू नये म्हणून त्याची वेगळी पेटी असते. ती मी शेतातल्या हौदात तीनदा बुडवून तपासली होती. अट एकच होती: पहिले तीन दिवस पाण्याखाली राहायचं शिकायचं, आणि शिकवणारी ज्यांना हो म्हणेल त्यांनीच पुढचे तीन दिवस कॅमेरा पाण्यात न्यायचा. बाकीच्यांनी मासे बघून परत यायचं. मला मासे बघायचे नव्हते.

शिकवणारी मालवणकडची, जेमतेम पंचविशीची. ती म्हणाली, "पाण्याखाली नियम एकच. श्वास कधीही धरायचा नाही. नळीतून घेत राहा, सोडत राहा." माझे विद्यार्थी जशी मान हलवतात तशी मी हलवली. मनात म्हटलं, ही कालची पोर मला पाण्यातलं काय सांगणार!

पाठीवर हवेच्या टाक्या बांधून खाली गेलो. पांढरीशुभ्र वाळू, दिवाणखान्यातल्या फरशीसारखी सपाट. तळ दिसला आणि माझ्या अंगाने मला न विचारताच त्याला जे येत होतं ते केलं. दम धरला, मूठभर वाळू उचलली आणि वर निघाले. कोणीतरी माझा पाय घट्ट पकडला. तीच होती. तिने मला खाली ओढून डोळ्यांत डोळे घातले आणि तोंडातून बुडबुडे सुटेपर्यंत सोडलं नाही. मग सावकाश वर आणलं.

बोटीवर आल्यावरही माझी मूठ मिटलेलीच होती. मी ती सगळ्यांसमोर उघडली, म्हणजे बघा, गेले होते की नाही तळाशी. ओली वाळू फळीवर पडली. सहातल्या एकाला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, या टाकीतली हवा छातीत धरून वर आलं तर फुप्फुस फाटतं. मी पाय धरला नसता तर?" मग फळीवरच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ती वाळू. तुम्ही ज्यांचे फोटो काढायला आलात ना, ते त्याच्यातच राहतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दोन मिनिटांच्या दमासकट विहिरीचं सगळं पुराण ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. "विहिरीत शिकलेली माणसंच मला सगळ्यात अवघड जातात," ती म्हणाली. "ज्यांना पोहता येत नाही ती ऐकतात तरी. असंच चाललं तर कॅमेरा बोटीवरच राहील."

दुसरा दिवस त्याहून वाईट गेला. वाळूच्या वर वीतभर अंतरावर तरंगत राहायचं, ना तळाला टेकायचं ना वर जायचं, एवढाच धडा होता. छातीत हवा धरली की माणूस आपोआप वर उचलला जातो, हे मला शिकवायला दुसरं कोणी लागायला नको होतं. पण नजरेला काही पडलं, खेकडा म्हणा, शिंपला म्हणा, की माझा श्वास थांबे आणि मी फुग्यासारखी वर. बाकी पाच जण खाली निवांत. त्यांतला एक तर इथे येईपर्यंत आंघोळीच्या बादलीपलीकडे पाण्यात गेला नव्हता. संध्याकाळी तिने स्वच्छ सांगितलं, उद्या जमलं तर जमलं.

मी किनाऱ्यावर जाऊन आबांना फोन लावला आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. "तुम्हनं शिकाडेल बठ्ठं आठे उलटं निंघनं!" त्यांनी शिकवलेलं सगळंच इथे उलटं पडत होतं.

काय झालं ते त्यांनी सगळं सांगायला लावलं.

"माय," ते म्हणाले, "दम धराले मी कधी सांगं तुले?"

"मंग आकडा कोन मोजे?"

"मीच मोजू. तू खाले, मी वर. पानी काळं, काई दिखे नही. माले भ्याव वाटे, म्हनीसन मोजू."

ज्या आकड्यांवर मी चाळीस वर्षं मिरवले, ते माझ्या कौतुकाचे आकडेच नव्हते. तो एका बापाचा घाबरा जीव होता, आणि मी तळाशी रेंगाळून तो अजून टांगणीला लावत होते. भयंकर लाज वाटली. पण त्याच वेळी माझी छाती भरून आली, कारण एवढं भ्याव वाटत असूनही त्या माणसाने माझ्या कमरेचा दोर सोडवला होता. गावातल्या दुसऱ्या कुठल्या बापाने मुलीचा सोडवला नव्हता.

"आते कोन मोजस?" आबा म्हणाले. "सोड दम."

तिसऱ्या दिवशी मी दम सोडला. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात सगळी सकाळ मी हातातलं दुसरं काम नसल्यासारखी नुसती श्वास घेत आणि सोडत राहिले. घेतला की चार बोटं वर, सोडला की चार बोटं खाली. ती माझ्यासमोर हाताची घडी घालून तरंगत होती. शेवटी तिने दोन बोटांनी कॅमेऱ्याचं बटण दाबल्याची खूण केली. पाण्याखाली रडता येत नाही असं म्हणतात. येतं, फक्त डोळ्यांवरच्या काचेच्या आत साचतं.

पुढचे दोन दिवस ती दाखवेल ते आम्ही सहाही जण ओळीने टिपत होतो. शेवटच्या दिवशी उथळ पाण्यात, वाळूत उगवलेल्या हिरव्या शेवाळाच्या पानांजवळून जाताना मी थबकले. दोनतीन पानांवर फिकट ठिपके होते. बाकीचे पाच जण पुढे निघून गेले. पण मी कपाशीतली पोर आहे. असं ठिपकलेलं पान दिसलं की त्याच्या मागे कोणीतरी रस शोषत बसलंय, हे मला आईच्या मागे सरीतून चालायला लागल्यापासून ठाऊक आहे. शेतात पान उलटून बघतात. इथे हात लावायचा नव्हता, म्हणून मीच वाकडी होऊन पानाखाली डोळे नेले.

ती होती. ज्वारीच्या दाण्याहून लहान, हिरवीगार, शंख नसलेली गोगलगाय. पाठीवर हिरव्या पाकळ्या आणि तोंडावर दोन काळेभोर ठिपके, डोळे. शेतात हिला मी कीड म्हटलं असतं. तिथे मला ती जगातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटली.

कॅमेरा लावला आणि माझ्या लक्षात आलं की हे जमणार नाही. इतक्या लहान जिवाचा फोटो काढताना केसभर हललं तरी सगळं पुसट होतं, आणि मी तर दर श्वासाला चार बोटं वरखाली होत होते. निम्मा श्वास घेऊन दम धरला असता तर जागची हलले नसते, काम एका झटक्यात झालं असतं. दोन मिनिटं मला सहज जमली असती. ती शिकवणारी पाठमोरी होती, बाकीचे लांब होते. हवा संपत चालल्याचं टाकीचा काटा सांगत होता आणि दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं. मला मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मी निम्मा श्वास घेतला सुद्धा.

आणि सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. वर जाताना एक, खाली येताना एक, असे वीस फोटो काढले.

बोटीवर ते उघडले तर एकोणीस हललेले. कुठे नुसता हिरवा डाग, कुठे एक डोळा, कुठे अख्खं पान आणि गोगलगाय बाहेरच. विसाव्यात मात्र दोन्ही डोळे लख्ख आले होते. बाकीचे पाचही जण आळीपाळीने येऊन बघून गेले. कुठे सापडली, कशी सापडली, दिसली कशी, विचारत राहिले आणि मी नाक वर करून सांगत राहिले. संध्याकाळी आबांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "फवारा मारना पडी का यावर?"

सकाळी निघताना ती शिकवणारी धक्क्यावर आली. म्हणाली, "ताई, तुमचा एक फोटो मला द्या. शिकवण्याच्या खोलीत लावायचाय." माझी कळी खुलली. मी तो लख्ख फोटो काढून पुढे केला.

"हा नको," ती म्हणाली. "हललेला द्या. नवीन माणसं आली की मला दाखवायचंय, की या बाईला दोन मिनिटं दम धरता येत होता आणि तिने धरला नाही."

मी तिला एकोणीसच्या एकोणीस देऊन टाकले.