काठावरच्या चपला

पोहण्याच्या नव्या टँकमध्ये उतरण्याआधी मी पाण्याच्या खोलीचा आकडा शोधते. तो काठाच्या फरशीवर रंगवलेला असतो, बरेचदा पुसट झालेला, आणि हॉटेलांमध्ये बरेचदा खोटा. कोथरूडला आमच्या घराजवळच्या टँकवर तो खरा आहे. तिथे टोपी सक्तीची आहे, आधी शॉवर सक्तीचा आहे, शिट्टी झाल्यावर महिलांच्या बॅचने बाहेर येणं सक्तीचं आहे, आणि हे सगळं एकाच पाटीवर दोनदा लिहिलेलं आहे. हॉटेलचा टँक असं काही सांगत नाही. तो राजम्याच्या दाण्यासारखा वाकडा असतो, सरळ पोहायला लागलं की लगेच भिंत येते. पुरुष बनियन घालून कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. मध्येच कोणी खरंच पोहू लागलं तर सगळे बाजूला सरकतात आणि जरा नाराजीने बघतात.

तरी प्रवास ठरला की आमच्या घरात पहिला प्रश्न तोच असतो, टँक आहे का. तो माझ्यासाठी विचारला जातो. नवऱ्याला आणि मुलीला न्याहारीत काय आहे यात जास्त रस असतो, आणि ते रास्त आहे.

मी पोहायला शिकले ती लोणी काळभोरला, वडिलांच्या मामांच्या मळ्यातल्या विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधून. बरोबर सगळे मामेभाऊ, आतेभाऊ. मुलगी मी एकटीच. वडील वरच्या पायरीवर उकिडवे बसायचे आणि माझ्या चपला हातात धरायचे. मांडीवर नाही, बाजूला नाही, हातात. पाण्यात जाणाऱ्याच्या चपला काठावर सोडायच्या नाहीत, असा त्यांचा नियम होता. काठावर नुसत्या चपला दिसल्या की गाव विहिरीकडे धावतं, असं ते म्हणायचे. चपला कोणाच्या तरी हातात असल्या म्हणजे पाण्यातल्या माणसाला कोणीतरी मोजलेलं आहे. मी बाहेर आले की ते चपला खाली ठेवत, पुढची टोकं पाण्यापासून लांब करून, म्हणजे पाय घातला की माणूस आपोआप पाण्याकडे पाठ करून चालू लागतो. पोहणं कसं झालं याबद्दल ते काही बोलल्याचं आठवत नाही.

पुढे वर्तमानपत्रात काही वर्षं गुन्ह्यांच्या बातम्या केल्या, तेव्हा हा नियम कुठून आला ते कळलं. ‘विहिरीच्या काठावर चपला आढळल्याने संशय बळावला’ हे वाक्य मी स्वतः लिहिलं आहे, आणि नंतर संपादनाच्या डेस्कवर आल्यावर दुसऱ्यांच्या बातम्यांत अनेकदा वाचलं आहे. मी त्यात काटछाट करत नाही. अशा बातमीत तेवढंच एक वाक्य पाहिलेलं असतं, बाकीचं कोणीतरी सांगितलेलं असतं.

विहीर संपून समुद्र आला तेव्हा नियमात एक भर पडली. कोकणात पहिल्यांदा गेलो, वडील पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूत उभे राहिले आणि मला सांगितलं की अधूनमधून मागे बघायचं. माझं डोकं त्यांना नारळाएवढं दिसेनासं झालं की ते चपला वर करणार. वर केल्या की परत फिरायचं, वाद नाही. समुद्राला भिंत नसते. कुठे वळायचं हे पाणी सांगत नाही, ते काठावरून कोणीतरी सांगावं लागतं. त्यानंतरच्या सगळ्या प्रवासांत हेच झालं. माझं लग्न झाल्यावर, मुलगी झाल्यावर, वडील आमच्याकडे राहायला आल्यावरही. तलाव, नदीचा डोह, हॉटेलांचे टँक. चार फूट पाण्यातसुद्धा ते चपला घेऊन उभे असत आणि वेटर त्यांच्यासाठी खुर्ची आणत. ते बसत नसत.

मुलगीही काही वर्षं माझ्याबरोबर पाण्यात होती. तेव्हा वडिलांच्या दोन्ही हातांत चपला असत. शाळेच्या शेवटच्या वर्षांत कधीतरी तिने पोहणं थांबवलं आणि कारण केसांचं सांगितलं. क्लोरीनने केस खराब होतात हे खरं आहे.

मग वडिलांचे गुडघे गेले. गाडीत फार वेळ बसवेना, पायऱ्या जमेनात. आता आम्ही बाहेर जातो तेव्हा ते कोथरूडला घरीच राहतात, शेजारून रात्रीचा डबा येतो. चपलांचं काम नवऱ्याकडे आलं. त्याने पहिल्याच वेळी विचारलं, “अगं, आपण काय देवळात आलोय? टोकनही देऊ का?”

मी हसले. त्याने चपला घेतल्या. दोन फेऱ्या मारून वर बघितलं तर त्या टँकच्या कडेला नीट जोडीने लावलेल्या होत्या, टोकं पाण्याकडे. तो छत्रीखाली बसून ऑफिसशी बोलत होता. त्यात चूक काही नव्हती, चपला जागच्या जागी होत्या. संध्याकाळी फोनवर वडिलांनी विचारलं, चपला कोणी धरल्या. मी सांगितलं, ह्यांच्याकडे दिल्या होत्या. वाक्य बरोबर होतं. डेस्कवर अशी वाक्यं आली की मी बातमीदाराला फोन लावते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही धरणाच्या फुगवट्याच्या काठी एका घरात दोन रात्रींसाठी गेलो. पुण्यापासून फार लांब नाही. टँक नव्हता, पण खाली उतरून गेलं की सगळं पाणीच होतं. घरमालकाने सांगितलं होतं की एका ठराविक बाजूला कातळ आहे, तिथून गावातले लोक उतरतात. सकाळी बरोबर यायचं नवऱ्याने आदल्या दिवशी कबूल केलं. सकाळी त्याच्या कंपनीत काहीतरी बंद पडलं आणि तो लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात बसला. हाताने खूण केली, दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मला माहीत आहेत. मुलगी झोपली होती. तिला उठवायला दारापर्यंत गेले. तिने डोळे न उघडता म्हटलं, “आई, तू पोहतेस. मी काय करू तिथे?” उत्तर देता आलं असतं. ते लांबलं असतं.

एकटीच खाली आले. कॉस्च्युमवर घातलेला कुडता काढून त्याची घडी केली, चपला काढल्या आणि त्या हातात घेऊन उभी राहिले. पाणी स्वच्छ होतं, वारा नव्हता. समोरच्या काठावर झाडांच्या ओळीखाली पांढरी रेघ दिसत होती, तिथपर्यंत पाणी कधी काळी असल्याची खूण. पोहायला याहून चांगली सकाळ मिळत नाही. पण काठावर कोणी नव्हतं, आणि वडिलांच्या हिशेबात मग पाण्यात जायचं नसतं. या वयाच्या बाईने चपला हातात घेऊन असा विचार करावा हे हास्यास्पद होतं. तरी पाय पुढे पडत नव्हता. आज परत फिरले तर पुढच्या प्रवासाला टँक आहे का हे मी कोणाला विचारायला लावणार नाही, एवढं मला कळत होतं. तो विषय तिथेच संपला असता, आणि घरात कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. रोज सकाळी चहानंतर ते फोन करतात. औषध घेतलं, दूध आलं, कामाच्या बाई आल्या नाहीत, एवढं सांगून झालं. मग म्हणाले, “पाण्याशी आहेस का?”

“हो.”

“चपला कोणाकडे?”

वर घराकडे बघितलं. व्हरांड्यातून त्याचा आवाज येत होता, इंग्रजीत.

“कोणाकडे नाहीत, बाबा. माझ्याच हातात आहेत.”

उतरू नकोस म्हणतील असं मी धरून चालले होते.

“खाली ठेव,” ते म्हणाले. “त्यांच्यावर फोन ठेव. चालू ठेव. आवाज मोठा कर.”

मी तसं केलं. चपला कातळावर ठेवल्या, त्यावर फोन, स्पीकर चालू. जाते म्हटलं. “जा,” फोन म्हणाला.

पाणी वर कोमट आणि कमरेखाली गार होतं. कातळ संपल्यावर पायाला एकदा जुन्या बांधाचे दगड लागले, मग काही लागलं नाही. टँकमध्ये तळाला काळी पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवून माणूस सरळ जातो. इथे खाली हिरवट अंधार होता, म्हणून समोरच्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवली. किती लांब आले ते कळत नव्हतं. हात व्यवस्थित चालले होते, श्वास व्यवस्थित होता, आणि थांबण्याचं काही कारण दिसत नव्हतं. पांढरी रेघ जवळ आल्यासारखी वाटत होती. ती जवळ आलेली नव्हती. उघड्या पाण्यात असं वाटतं, आणि परत फिरायला उशीर होतो तो याच वेळी.

सवयीने मागे बघितलं. काठावर माणूस होता. बाई होती, नऊवारीत, डोक्यावर पदर. मागे म्हशी. तिने दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ धरले होते आणि दोन्ही हातांत एकेक चप्पल होती.

मी पाय मारत जागच्या जागी तरंगत बघत राहिले, अर्थ लागायला वेळ गेला. मग परत फिरले. येताना दम लागला, जाताना वाटलं होतं त्यापेक्षा बराच जास्त. शेवटच्या भागात उताणी होऊन यावं लागलं.

बाई चपला हातात घेऊन तशीच उभी होती. फोन तिने खांदा आणि कान यांच्या मध्ये धरला होता. मी कातळाला हात लावल्यावर ती फोनमध्ये म्हणाली, “आली बगा. हात लावला.” मग ऐकलं, मान हलवली, खाली वाकून चपला ठेवल्या. टोकं पाण्यापासून लांब. जरा वाकड्या होत्या त्या पायाने सरळ केल्या.

म्हशी पाण्यावर आणताना तिला कातळावर चपला आणि कपडे दिसले. ती पळत आली. “मला वाटलं, कुणीतरी…” तिने वाक्य सोडून दिलं. “तर चपलाच बोलाया लागल्या. कोन हाय तिथं, म्हनत्यात.” वडिलांनी तिला आधी चपला उचलायला सांगितलं, मग पोरीचं डोकं केवढं दिसतंय ते विचारलं. ती म्हणाली, नारळाएवढं कुठलं, लिंबाएवढं हाय. तेव्हा त्यांनी हात वर करायला सांगितलं, आणि पोरगी वळेपर्यंत खाली घ्यायचे नाहीत म्हणून बजावलं. “खांदं भरून आलं माजं,” ती म्हणाली. “मधी मधी म्हशी किती, दूध किती, समदं इचारलं. लई बोलतोय तुजा बा.”

माझे वडील फार बोलत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.

तिने माझ्याकडे, मग वर घराकडे बघितलं. “मानसं हायेत का कुनी संगं?”

“आहेत. वर आहेत.”

“बरं,” ती म्हणाली, आणि म्हशींच्या मागे गेली.

फोन कानाला लावला. “बाहेर आलीस?” वडिलांनी विचारलं. हो म्हटलं. “लांब गेली होतीस,” ते म्हणाले. मी पुन्हा हो म्हटलं. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, म्हणजे कामाच्या बाई आल्या होत्या. “ठेवतो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

अंग पुसून कुडता घातला आणि चपलांत पाय घातले. तोंड आपोआप घराकडे झालं. वर व्हरांड्यात कॉल चालूच होता. नवऱ्याने माझे ओले केस बघितले, माईक बंद केला आणि विचारलं, “झालं पण? मी येणारच होतो.” मी म्हटलं, पाणी चांगलं होतं, कातळ मात्र निसरडा आहे. त्याने मान हलवली आणि माईक परत चालू केला.